लोणी की निखारा: आतड्याच्या शिरेतली गुठळी आणि अन्नमय मन

मन अन्नाचे बनलेले आहे, असे छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो. खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. सर्वांत जाड भागाची विष्ठा होते, मधल्याचे मांस होते आणि सर्वांत सूक्ष्म भागाचे मन होते. दही घुसळताना त्यातला सूक्ष्म अंश वर येऊन लोणी होतो, तसेच हे घडते. पाण्यापासून याच क्रमाने मूत्र, रक्त आणि प्राण होतात. मुलगा आणखी समजावून मागतो, तेव्हा बाप बोलणे थांबवून सरळ प्रयोग करायला लावतो: पंधरा दिवस जेवायचे नाही, पाणी हवे तेवढे प्यायचे. सोळाव्या दिवशी मुलगा समोर येतो. बारा वर्षे गुरुगृही राहून वेद शिकून आलेल्या या तरुणाला त्या दिवशी ना ऋचा आठवतात, ना यजुर्मंत्र, ना सामे. मोठ्या आगीतला काजव्याएवढा एकच निखारा उरावा तसे तुझे झाले आहे, असे बाप म्हणतो आणि त्याला जेवायला धाडतो. जेवून आल्यावर त्याला सारे आठवते. गवत टाकले की तोच निखारा पुन्हा भडकतो, तसे.

या संवादात दोन उपमा जवळजवळ आल्या आहेत आणि त्या एकच गोष्ट सांगत नाहीत. लोणी दह्यातूनच निघते. ते दह्याचाच एक अंश असते. आग मात्र गवताची बनलेली नसते. ती गवतावर जगते, गवत संपले की विझते. पहिल्या उपमेप्रमाणे मन हा अन्नाचा विकार आहे, दुसरीप्रमाणे मन अन्नावर अवलंबून असलेले काहीतरी आहे. ‘अन्नमय’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ दडपून बसवले आहेत. त्यांतला कोणता खरा, हे निव्वळ उपासाने कळत नाही, कारण उपासात सगळे शरीरच एकदम खंगते. अन्नाची वाट एका ठराविक जागी तुटावी आणि बाकीचा माणूस शाबूत राहावा, अशी परिस्थिती हवी. आतड्याच्या शिरेत रक्ताची गुठळी होते तेव्हा जवळपास अशीच परिस्थिती तयार होते.

अन्नरस धातूंपर्यंत कसा पोहोचतो हे सांगताना चरकसंहितेच्या टीकाकारांनी ‘केदारीकुल्या’ न्याय वापरला आहे. केदार म्हणजे वाफा आणि कुल्या म्हणजे पाट: पाटाचे पाणी एक वाफा भरून पुढच्या वाफ्यात जावे, तसा रस पुढे सरकतो. आतड्याच्या शिरांना ही उपमा चपखल बसते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे असंख्य केसर असतात. प्रत्येकातून निघालेली बारीक शीर दुसरीला मिळते, आतड्याला पाठीच्या भिंतीशी बांधून ठेवणाऱ्या मेसेंटरी नावाच्या पडद्यातून त्या एकत्र येतात आणि सुपीरिअर मेसेंटेरिक व्हेन ही मोठी शीर बनते. स्वादुपिंडाच्या मानेमागे तिला प्लीहेकडून आलेली शीर मिळते आणि पोर्टल व्हेन तयार होऊन यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. जेवणातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे आधी यकृताच्या पदरात पडतात, मग उरलेल्या शरीराच्या. स्निग्ध पदार्थांचा बराचसा भाग मात्र लसिकावाहिन्यांतून वेगळ्या मार्गाने जातो.

आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बिघडण्याच्या घटनांपैकी साधारण ५ ते १५ टक्के घटनांत दोष धमनीत नसून शिरेत असतो. वॉरन आणि एबरहार्ड यांनी १९३५ साली या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. कारणे अनेक आहेत: यकृताचा सिरॉसिस, स्वादुपिंडाचा दाह, पोटातला संसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटीथ्रॉम्बिन यांची जन्मजात कमतरता, अस्थिमज्जेतला जेएके-२ जनुकाचा बिघाड. धमनी बंद झाली तर वेदना तासाभरात असह्य होते. शिरेच्या बाबतीत ती दिवस-दिवस धुमसत राहते. हाताने दाबल्यावर पोट मऊ लागते, फारसे काही सापडत नाही, आणि रुग्ण मात्र तळमळत असतो. या विसंगतीवरूनच अनुभवी डॉक्टरला संशय येतो. मग शिरेत औषध सोडून, ते पोर्टल व्हेनमध्ये पोहोचेपर्यंत थांबून सीटी स्कॅन केला जातो. शिरेच्या पोकळीत औषधाऐवजी काळसर गाभा दिसला की निदान होते.

पाट पुढे तुंबला, पण मागून पाणी येतच राहिले, तर वाफा फुगतो आणि बांध पाझरू लागतात. इथेही तेच होते. धमनी रक्त ओतत राहते, शीर ते नेत नाही. आतड्याची भिंत सुजून जाड होते, पाण्याचा अंश भिंतीत, आतड्याच्या पोकळीत आणि पोटाच्या पोकळीत झिरपतो. पोट उघडले तर जांभळट-काळी, ओली, फुगलेली वेटोळी समोर येतात. मेसेंटरी कापावी तर धमन्या अजून उडत असतात आणि कापलेल्या शिरांच्या तोंडातून गोठलेल्या रक्ताचे दोरे बाहेर येतात.

चयापचयाचा पहिला बिघाड या पाझरण्यापासून सुरू होतो. शरीरातले पाणी शरीरातच राहते, पण रक्ताच्या कामाचे उरत नाही. रक्त दाट होते, आणि दाट रक्त आणखी गोठते. मूत्रपिंडाला रक्त कमी पडते, लघवी कमी होते. सूज वाढता वाढता धमनीतून येणारे रक्तही पेशीपर्यंत पोहोचेनासे होते आणि तिथे प्राणवायूचा तुटवडा पडतो. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे सुमारे ३० रेणू मिळतात. तो नसताना फक्त २, आणि वर लॅक्टेट तयार होते. रक्ताचा पीएच एरवी ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. आम्ल वाढून तो घसरू लागला की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल सावरू पाहते, म्हणून रुग्ण खोल आणि भराभर श्वास घेतो. मरणाऱ्या पेशींतून पोटॅशियम आणि फॉस्फेट बाहेर पडते. आतड्याची भिंत आता कुंपण उरलेली नसते. आतले जीवाणू रक्तात शिरतात. यात एक फसवी गोष्ट आहे. आतड्यात तयार झालेले लॅक्टेट यकृत बराच काळ उचलून पुन्हा ग्लुकोज बनवते. त्यामुळे सुरुवातीच्या रिपोर्टात लॅक्टेट ठीक दिसले, म्हणून आतडे ठीक आहे असे समजणे चुकीचे असते.

पाण्याशी प्राणाचे नाते उपनिषदाने जोडले होते आणि इथे पाणी झिरपताच श्वास उधळतो, असे म्हणून प्राचीन ज्ञानाचा जयजयकार करण्याचा मोह टाळलेला बरा. उद्दालकाला आम्लता ठाऊक नव्हती आणि ती ठाऊक असण्याची त्याला गरजही नव्हती. त्याचा प्रश्न वेगळा होता. त्याचे उत्तर आजाराच्या या पहिल्या टप्प्यात सापडत नाही, कारण इथे भ्रम झालाच तर तो जंतुसंसर्ग, कमी रक्तदाब, आम्लता या सगळ्यांनी मिळून झालेला असतो. उत्तर दुसऱ्या टप्प्यात शोधावे लागते.

गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन हे औषध सुरू करतात. वेळेवर मिळाले तर बऱ्याच रुग्णांचे आतडे वाचते. ज्यांचे आतडे मेले त्यांचे तेवढे कापून काढावे लागते. लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते, माणसागणिक कमीजास्त. ते २ मीटरांहून कमी उरले की त्या अवस्थेला आखूड आतड्याचा विकार म्हणतात. किती कापले याइतकेच कुठले कापले हेही महत्त्वाचे. शेवटच्या भागात जीवनसत्त्व बी-१२ आणि पित्तक्षार शोषले जातात, आणि हे काम आतड्याचा दुसरा कोणताही भाग अंगावर घेत नाही. पित्तक्षार वाया गेले की चरबी पचत नाही. तिच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही जातात. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडे होतात. पोटातल्या शिरेतल्या गुठळीचा शेवट वर्षभराने मुतखड्यात झालेला पाहून रुग्णाचे घरचे चक्रावतात, ते उगाच नव्हे.

आतडे फारच थोडे उरले तर अन्न थेट रक्तात सोडावे लागते. स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६० च्या दशकात बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना केवळ शिरेतून पोसून वाढवून दाखवले. १९६८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ माणसांसाठी ही पद्धत रूढ झाली. द्रावणात ग्लुकोज, अमिनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे आणि स्निग्ध पदार्थ असतात. ते हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात, बहुधा रात्रभर, पंपाने. पाट, वाफा, यकृताचे द्वार सगळे ओलांडून अन्न रक्तात येते. घास नाही, चव नाही, गिळणे नाही.

याला अन्न म्हणायचे का? तैत्तिरीय उपनिषदाने अन्न या शब्दाची फोड दोन्ही अंगांनी केली आहे: प्राणी जे खातात ते, आणि जे प्राण्यांना खाते तेही. शिरेतले द्रावण कुणी खात नाही. तरीही ते चालू असताना रुग्णाची बुद्धी लख्ख असते; त्याला पाठ असलेले सगळे आठवते. म्हणजे उद्दालकाच्या प्रयोगात ‘जेव’ या आज्ञेतले जेवणे महत्त्वाचे नव्हते, पोहोचणे महत्त्वाचे होते. इस्लामी फिक्ह परिषदेने १९९७ साली जेद्दाह येथे असाच निर्णय दिला: इंजेक्शनने रोजा मोडत नाही, पण शिरेतून पोषण देणारे द्रावण त्या सवलतीत बसत नाही. अन्न तोंडावरून नव्हे, कामावरून ठरले. उलट बाजूने पाहिले तर हेपॅरिन प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात आणि द्रावणातल्या स्निग्ध पदार्थात बहुधा अंड्याच्या बलकातला घटक असतो. कडक शाकाहारी घरात हे कळल्यावर जी चुळबुळ होते, तिच्यामागेही हाच प्रश्न असतो, जरी तो कुणी या शब्दांत विचारत नसले तरी. आपद्धर्माची तरतूद बहुतेक परंपरांत आहे आणि प्राण वाचवण्यासाठी ती वापरण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

हे द्रावण अपुरे असले तर काय होते, हे अमेरिकेत १९९७ मध्ये दिसले. शिरेतून द्यायच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला, काही रुग्णांना थायमिनविना पोषण मिळत राहिले आणि त्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक वाढले. थायमिनची रोजची गरज जेमतेम सव्वा मिलिग्रॅम. ते संपले की ग्लुकोज असूनही पेशीला ते नीट जाळता येत नाही. मेंदूवर परिणाम होतो, डोळे स्थिर राहत नाहीत, तोल जातो, स्मृती विसकटते. उपासानंतरच्या पहिल्या जेवणालाही असाच धोका असतो. दहा दिवसांहून अधिक काळ पोटात काही न गेलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिले तर रक्तातले फॉस्फेट कोसळते आणि हृदय बंद पडू शकते. उद्दालकाने पंधरा दिवसांच्या उपासानंतर मुलाला सरळ जेवायला पाठवले. आजच्या डॉक्टरने आधी फॉस्फेट तपासले असते आणि पेजेच्या चार चमच्यांपासून सुरुवात केली असती.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. लहान आतडे आखूड आणि मोठे आतडे जोडलेले, असा रुग्ण बरा होऊन घरी जातो. लग्नाच्या पंगतीत तो दोन वाट्या भात आणि जिलेबी खातो. काही तासांनी त्याची जीभ जड होते, पावले वेडीवाकडी पडतात, तो विनाकारण हमरीतुमरीवर येतो, मुलाचे नाव विसरतो. तोंडाला वास नसतो, रक्तात दारू नसते. झालेले असते ते एवढेच: न शोषलेला पिष्टमय पदार्थ मोठ्या आतड्यात उतरला, तिथल्या जीवाणूंनी तो आंबवला, आम्ल वाढले, आम्लात फोफावणाऱ्या लॅक्टोबॅसिलसांचे राज्य आले आणि त्यांनी डी-लॅक्टेट तयार केले. माणसाच्या स्वतःच्या पेशी जे लॅक्टेट बनवतात ते एल-लॅक्टेट. डी-लॅक्टेट हे त्याचे आरशातले प्रतिबिंब, आणि ते मोडायला माणसाचे शरीर संथ आहे. गुराढोरांत हा प्रकार आधीपासून माहीत होता. धान्याच्या राशीत तोंड घातलेले जनावर पुढे झोकांड्या खाते, हे गोठ्यात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. माणसातला असा रुग्ण १९७९ मध्ये प्रथम नोंदवला गेला. दोष एकट्या डी-लॅक्टेटचा की त्याच्यासोबत तयार होणाऱ्या इतर द्रव्यांचाही, यावर संशोधकांत मतभेद आहेत. उपचार मात्र ठरलेले आहेत: तोंडाने पिष्टमय पदार्थ बंद, शिरेतून बायकार्बोनेट आणि थायमिन, जीवाणूंसाठी प्रतिजैविक. पोट रिकामे राहिले की माणूस ताळ्यावर येतो.

श्वेतकेतूची गोष्ट इथे उलटी झाली. त्याचे मन उपासाने गेले आणि जेवल्यावर परतले. याचे जेवल्याने गेले आणि उपासाने परतले. अन्नाचा सूक्ष्म अंश वर येऊन मन बनत असेल, तर अधिक अन्नाने मन कमी का व्हावे? लोण्याच्या उपमेला याचे उत्तर देता येत नाही. निखाऱ्याच्या उपमेला देता येते: आगीवर ओले लाकूड टाकले की ज्योत वाढत नाही, धूर होतो.

चार्वाकांना मात्र हा रुग्ण आपल्याच बाजूचा साक्षीदार वाटला असता. किण्व आणि इतर द्रव्ये सुटी असताना त्यांत मद नसतो, ती एकत्र आंबली की मदशक्ती उत्पन्न होते. तसेच चार भूते देहात एकत्र आली की चैतन्य उत्पन्न होते, असा त्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सर्वदर्शनसंग्रहात नोंदवला आहे. इथे तर उपमा शब्दशः खरी झाली: देहातच आंबवण झाले आणि मन डळमळले. पण नीट पाहिले तर या आंबवणाने चैतन्य निर्माण केले नाही, असलेले चैतन्य गढूळ केले. दृष्टान्त सिद्ध व्हायला नेमकी उलट गोष्ट घडायला हवी होती.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात याच मताला उत्तर देताना दिव्याचे उदाहरण घेतले आहे. दिवा असला तर वस्तू दिसते, नसला तर दिसत नाही. म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. देह असला तर जाणीव असते एवढ्यावरून जाणीव देहाचा धर्म ठरत नाही. हा युक्तिवाद जेवढा सांगतो तेवढा पक्का आहे आणि त्यापलीकडे तो काही सिद्ध करत नाही. अवलंबून असणे म्हणजे तेच असणे नव्हे, हे त्याने दाखवले. देह संपल्यावरही जाणीव उरते, हे दिव्याच्या उदाहरणातून निघत नाही. त्यासाठी आचार्य श्रुतीकडे वळतात. आखूड आतड्याचा रुग्णही तिथे साक्ष देऊ शकत नाही.

व्याकरणही या बाबतीत अर्ध्यावरच सोडते. ‘मय’ या प्रत्ययाचे ब्रह्मसूत्रांच्या चर्चेत दोन अर्थ आले आहेत. मृण्मय घट म्हणजे मातीचा विकार असलेला घट. अन्नमय यज्ञ म्हणजे ज्यात अन्नाची रेलचेल आहे असा यज्ञ. आनंदमय शब्दाचा वाद याच दोन अर्थांवर रंगला. मनाच्या बाबतीत या आजाराने दाखवलेले नाते दोन्हींत बसत नाही. मन अन्नाचा घट नाही आणि अन्नाची रेलचेलही नाही. ते अन्नाच्या अधीन आहे, आणि ही अधीनता मोघम नसून मिलिग्रॅममध्ये मोजता येण्याइतकी नेमकी आहे. बहुतेक वेळा झालेले नुकसान भरून काढता येते, थायमिनला उशीर झाला तर येत नाही. उद्दालकाचा सिद्धान्त लोण्याच्या बाजूचा आहे, पण त्याचा प्रयोग निखाऱ्याच्या बाजूचा निघाला. दोन्हींत विरोध आला तर प्रयोग मानावा.

या अधीनतेमुळे दोषाचा प्रश्नही उभा राहतो. नशेत केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार बचाव मिळतो तो नशेचा पदार्थ नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिला गेला असेल तरच. इथे कुणी काही दिलेले नाही. भात त्याने स्वतः, जाणूनबुजून खाल्ला, आणि नशा त्याच्याच आतड्याने तयार केली. पंगतीत अद्वातद्वा बोललेल्या अशा माणसाला पहिल्या वेळी दोष देणे अन्यायाचे आहे. निदान कळल्यावर, काय खायचे नाही हे सांगितल्यावर, दुसऱ्या वेळी तो पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही.

रुग्णालयातले नेहमीचे लॅक्टेटचे यंत्र फक्त एल-लॅक्टेट मोजते. डी-लॅक्टेटची चाचणी वेगळी मागवावी लागते आणि ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. म्हणून आम्लता स्पष्ट दिसत असूनही रिपोर्टात लॅक्टेट ठीक येते आणि माणूस दारुडा किंवा वेडा ठरतो. आतडे कापलेल्या माणसाची शुद्ध अशी हरपली, तर त्याला आणणाऱ्यांनी डॉक्टरला दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात: आतडे किती उरले आहे आणि शेवटचे जेवण काय होते.